रविवारच्या फोनआधी बघून ठेवा

पुणे, बुधवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोन ठेवला आणि सहज बघितलं, सतरा मिनिटं बोललो होतो. त्यातली बारा तुमच्या गोळ्यांवर गेली, तीन माझ्या पित्तावर आणि उरलेली दोन 'आवाज येतोय का' यात. आपल्याकडे बोलायला दुसरं काही उरलंच नाही का, असं वाटून गेलं. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं की बाबा 'बरं बरं' म्हणतात आणि विसरतात. कागद निदान टीव्हीखालच्या खणात लाइट बिलाशेजारी पडून राहील.

आई, रिमोटवरची लाल टिकली निघाली म्हणालीस. तुझ्या पाकिटातली दुसरी लाव, गोल बटणाच्या खाली डावीकडे. लाल म्हणजे नेटफ्लिक्स, हिरवी म्हणजे यूट्यूब. आणि बाबांना म्हणावं, रिमोटवरची प्लास्टिकची पिशवी आता काढा, त्यातून बटणं दबत नाहीत.

बाबा, तुमच्यापासून सुरू करते. सकाळी सातला तुम्ही बातम्या लावता, चार माणसं एकमेकांवर ओरडतात, आणि नऊला बीपी मोजून म्हणता, आज वाढलंय. एक आठवडा ते बंद. हिरवी टिकली दाबा आणि माइकचं बटण धरून 'अब्दुल करीम खाँ' म्हणा. जुन्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण आहे, एकेक चीज तीन-साडेतीन मिनिटांची, चहा निवायच्या आत संपते. आधी झिंझोटीतलं 'पिया बिन नाही आवत चैन' लावा, मग भैरवीतलं 'जमुना के तीर'. सुरुवातीला नुसती खरखर ऐकू येईल, थोड्या वेळात कान सरावतो. आवाज बारीक आहे, थोडा रडवाही म्हणाल, पण एकदा सूर लागला की तंबोरा कुठे संपतो आणि गळा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.

खाँसाहेब मिरजेत राहिले, हे तुम्हीच मला दर्ग्याच्या आवारात सांगितलं होतं. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनवर ते गेले, आणि इतक्या लांबून त्यांना मिरजेला आणून दर्ग्याजवळ दफन केलं. तुम्ही ही हकीकत सांगत होतात तेव्हा माझं सगळं लक्ष भज्यांच्या गाड्याकडे होतं. त्यानंतर सतारमेकर गल्लीत नेलंत, तिथे सतारींसाठी टांगलेले वाळके भोपळे मात्र लख्ख आठवतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्ही पाठवलेल्या कात्रणाच्या फोटोत निम्मा तुमचा अंगठा होता. खाँसाहेबांचं गाणं आता मी रोज सकाळी बसमध्ये ऐकते. तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

गाणं आवडलं तर मग 'द डिसायपल' बघा. नाव इंग्रजी असलं तरी सिनेमा मराठी आहे, चैतन्य ताम्हाणेचा. २०२० साली व्हेनिसला त्याला उत्कृष्ट पटकथेचं पारितोषिक मिळालं. मुंबईतला एक मुलगा जिवापाड रियाज करतो आणि तरी मोठा गवई होत नाही, एवढीच गोष्ट. आई, तुला तो संथ वाटेल, तू मेथी निवडायला घे. मधे एक-दोन प्रसंग असे आहेत की मी शेजारी बसले असते तर उठून पाणी प्यायला गेले असते. तेव्हा रिमोट हाताशी ठेवा. त्या मुलाच्या कानात एका जुन्या गायिकेचं व्याख्यान सतत वाजत असतं. ती गायिका पडद्यावर दिसत नाही, नुसता आवाज येतो. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भाव्यांचा आहे.

त्यांच्यावरून आता अवघड सिनेमाकडे येते. 'अस्तु' तुम्हाला सुचवावा की नाही, यावर तीन दिवस घालवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा. त्यात मोहन आगाशे संस्कृतचे पंडित झालेत, आणि त्या पंडितांची स्मृती जात चालली आहे. मुलगी त्यांना गाडीत बसवून क्षणभर बाजूला होते, तेवढ्यात त्यांना हत्ती दिसतो आणि ते उतरून त्याच्या मागे चालू लागतात. लहान पोरं जातात तसे.

मोठे काका शेवटी शेवटी तुम्हालाच 'आपण कुठले?' असं विचारायचे, ते मला आठवतं बाबा. हल्ली तुम्ही चष्मा शोधता तेव्हा आई हसते, तुम्ही हसत नाही. दिवाळीत मी हे बघितलं आणि काही बोलले नाही. चष्मा सगळ्यांचाच हरवतो, माझाही. पण तुमच्या डोक्यात काकांचं येत असेल तर ते एकट्याने धरून बसू नका, एवढ्यासाठी हा सिनेमा. तो घाबरवत नाही. माहुताची बायको त्या परक्या म्हाताऱ्याला आपल्या पोरासारखं खाऊ घालते, त्याच्याशी कानडीत बोलते. अमृता सुभाषला त्या कामाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आई, तुला जतच्या आजोळचं कानडी येतं, तेव्हा खालची अक्षरं वाचायची गरज नाही. उलट तूच बाबांना अर्थ सांग. दुपारी बघा, रात्री नको. आणि बाबा, तुम्हाला नको असेल तर नको. हा एक सिनेमा तुम्ही ठरवायचा.

हत्तींचंच अजून एक आहे, 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा माहितीपट. मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाच्या पोरक्या पिल्लाला वाढवतं. चाळीसेक मिनिटांचं आहे, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बघून होईल. ऑस्कर मिळालं म्हणून नव्हे, बेल्ली रघूला ज्या सुरात रागावते तो सूर ऐकण्यासाठी बघा. अगदी आपली आई.

त्यापेक्षा मला जास्त आवडलेला माहितीपट म्हणजे 'माय ऑक्टोपस टीचर'. हा खास बाबांसाठी. माई घाटावरून उडी मारून पूर चढत्या कृष्णेत पोहणारा माणूस तो मधेच बंद करेल, असं मला वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर क्रेग फॉस्टर नावाचा माणूस रोज गार पाण्यात उतरतो, अंगात पाणबुड्याचा रबरी पोशाखसुद्धा नाही. तिथे एक ऑक्टोपस त्याच्या ओळखीची होते. शार्क मागे लागला की ती शिंपले आणि दगड अंगाभोवती ओढून त्यांचा गोळा होऊन बसते. एकदा शार्क तिचा एक हात तोडून नेतो, आणि काही दिवसांनी तिथे इवलासा नवा हात फुटलेला दिसतो. बोलणं इंग्रजीत आहे, पण आवाज बंद केला तरी कळतं. शेवट वाईट आहे. आई, तू आधीच पदर घेऊन बस.

मागे तुम्हाला मॉलमधल्या थिएटरात नेलं होतं, ती चूक माझी. आवाजाने आईने कानावर पदर ओढला होता आणि बाबा दर दहा मिनिटांनी 'मध्यंतर कधी' विचारत होते. घरी आवाज तुमच्या हातात आहे.

आई, आता तुझं. भाकऱ्या थापताना 'जैत रे जैत'ची गाणी लाव, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. 'नभ उतरू आलं' आशाबाईंचं, आणि आशाबाई म्हणजे आपल्या सांगलीत जन्मलेल्या, हे तू मला चौथीत असल्यापासून ऐकवतेस, तेव्हा जास्त सांगत नाही.

आणि सगळ्यात शेवटी १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम'. हो, बघितलाय, माहीत आहे मला. तुम्ही तुकाराम झालेल्या पागनिसांना बघितलंत. या वेळी आवलीकडे बघा. ते काम करणाऱ्या बाईंचं नाव गौरी. नवरा अभंगात, पोरगं तापलेलं, घरात दाणा नाही, आणि ही पायातलं खेटर हातात घेऊन थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. व्हेनिसच्या परीक्षकांना १९३७ साली यातलं काय कळलं असेल कोण जाणे, पण त्यांनी सिनेमा वाखाणला. मी परवा पुन्हा बघितला आणि पहिल्यांदाच मला तुकोबांचा राग आला. आजी असती तर मला दोन धपाटे घातले असते.

तर पुढच्या रविवारी अकराला फोन करते. गोळ्यांचं काय ते आईने आदल्या रात्रीच मेसेज करून टाकावं. तोवर निदान तुकाराम बघून व्हायला हवा, आणि आवलीची बाजू तुमच्यापैकी कोण घेणार ते ठरवून ठेवा. मी तुकोबांची घेणार नाही.

तुमची
चिमी

ता. क. भडंग संपलंय. या वेळी लसूण जास्त घालून पाठवा.