सर्ज प्रोटेक्टरच्या विक्रीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीची माहिती देऊन घरगुती सर्ज प्रोटेक्टर विकल्याबाबत

महोदय,

मार्चमध्ये तुमच्या प्रतिनिधीने आमच्या घरी (ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी) मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून उपकरणं वाचवणारं यंत्र) बसवला. मजुरीसकट ६,८०० रुपये घेतले. "आता व्होल्टेजची काळजीच सोडा, काका," असं तो म्हणाला. तुमच्या पत्रकावरही "व्होल्टेजपासून संपूर्ण संरक्षण" असंच छापलं आहे.

६ जूनला, मृग लागायच्या तोंडावर, वाऱ्याने फणसाची फांदी लाइनवर पडली आणि न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी, तार तुटली. घरातले बल्ब पांढरेफटक झाले, पंखा भणाणला. मी धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत फ्रिज, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स गेले होते. नंतर वायरमनने खांबाकडून येणाऱ्या तारांना मीटर लावला, तर २३० च्या जागी ३४० व्होल्ट दाखवत होता.

तुमचं उत्तर आलं की हा 'सर्ज' नव्हे, न्यूट्रल तुटल्यामुळे टिकून राहिलेला जादा दाब (व्होल्टेज) आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही. उत्तर अगदी बरोबर आहे. वीज पडल्यावर तारेतून येणारा झटका सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात मोजतात. तो जमिनीत वळवायला हे यंत्र आहे. त्यावर २७५ व्होल्टची मर्यादा छापलेली आहे. मिनिटभर ३४० व्होल्ट आले तर आतला व्हॅरिस्टर (झटका वळवणारा भाग) तापून बाद होणारच. अशा वेळी पुरवठाच तोडणारं वेगळं, ओव्हर-व्होल्टेजचं यंत्र लागतं. हे सगळं मला जूनमध्ये पत्राने कळवता, मग मार्चमध्ये तुमच्या माणसाने का सांगितलं नाही? खांबावरून उघड्या तारा येणाऱ्या गावात न्यूट्रल तुटणं काही नवलाचं नाही.

आम्हाला सर्ज प्रोटेक्टर नकोच होता, असं माझं म्हणणं नाही. लाइनच्या शेवटचं, टेकाडावरचं घर. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजांचा धिंगाणा. इथे तो हवाच. पण हवा की नको हे ठरवायला आधी चार गोष्टी विचाराव्या लागतात. तार वरून येते की जमिनीखालून? विजांचं प्रमाण किती? घरातली उपकरणं किती किमतीची? अर्थिंग कसं आहे? यातलं काहीही न विचारता तुमच्या माणसाने थेट पावती पुस्तक काढलं. ठाण्यात जमिनीखालच्या केबलवर असलेल्या माझ्या बहिणीच्या फ्लॅटलाही तुमच्या कॉल सेंटरने हेच मॉडेल, याच शब्दांत सुचवलं होतं. लिफ्टच्या मोटारीचे झटके तिथेही बसतात, हे मान्य. पण तिची गरज आणि माझी गरज एक कशी?

अर्थिंगचं तर विचारूच नका. झटका शेवटी जमिनीतच जायचा, आणि आमची जमीन म्हणजे जांभा. मार्चमध्ये तो कोरडा ठणठणीत असतो. तुमच्या माणसाने अर्थिंग मोजलं नाही, त्याच्याकडे मीटरच नव्हता. वर यंत्राला जोडलेली वायर चांगली दोन मीटर, वेटोळं करून बोर्डामागे कोंबलेली. ही वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवायची असते. ती लांबली की झटक्याच्या वेळी तिच्यावरच दाब चढतो आणि तो उपकरणांपर्यंत पोहोचतो. म्हणजे न्यूट्रल न तुटता खरोखर वीज पडली असती, तरी यंत्राचा उपयोग अर्धवटच झाला असता.

माझ्या मागण्या : ६,८०० रुपये परत करावेत, फ्रिज आणि टीव्हीच्या दुरुस्तीचे ११,४५० रुपये द्यावेत, आणि पत्रकावरून 'संपूर्ण' हा शब्द काढून, न्यूट्रल तुटल्यास हे यंत्र उपयोगी नाही, हे मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापावं. फ्रिज जुना होता, त्यामुळे नवा मागत नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागेन.

यंत्र अजून बोर्डातच आहे, ते बाद झाल्याचं दाखवणारी त्याच्यावरची खिडकी लाल झालेली. तपासायला माणूस पाठवणार असाल तर त्याच्याकडे अर्थ टेस्टर द्या.

आपला,
एक ग्राहक

सोबत : पावती, पत्रकाची प्रत, दुरुस्तीची बिलं, बोर्डाचे फोटो