निवती रॉकला बोटी वाढण्याआधी नियम करा: मा. पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवती रॉकजवळ समुद्राच्या तळाशी ठेवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय करायचे काम पर्यटन महामंडळाने हाती घेतले आहे. त्यातून सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांना रोजगार मिळेल, याचा आम्हाला आनंदच आहे. पण आता त्या खडकांकडे जाणाऱ्या बोटी वाढणार, आणि तिथे आधीपासून कोण राहते याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

निवती रॉक म्हणजे पक्षी अभ्यासकांचे वेंगुर्ला रॉक्स. इथल्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांवर हुमायून अब्दुलअली यांनी १९४० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. इथली पाकोळी काळोख्या गुहेत टिकटिक आवाज काढत, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते आणि स्वतःच्या लाळेने कपारीला घरटे चिकटवते. परदेशात या घरट्यांचे सूप करतात, म्हणून ती चोरीला जात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने त्यांच्या रक्षणासाठी मोठे कष्ट घेतले आहेत. सुरय तर उघड्या खडकावरच अंडी घालतात. माणूस जवळ आला की सगळा थवा उठतो आणि अंडी-पिल्ले उन्हात, कावळ्यांच्या नजरेसमोर उघडी पडतात. नुसते 'फोटो काढून येतो' म्हणून उतरलेल्या चार माणसांनीही एवढे होते.

डॉल्फिनचे दुखणे वेगळे आहे. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा हम्पबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात राहणारा. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे आणि जगभरात तो धोक्यात आलेला म्हणून नोंदला गेला आहे. पण सुट्टीच्या दिवशी देवबाग-तारकर्लीच्या समुद्रात पाहावे, तर एक पाठ वर आली की चारी बाजूंनी बोटी त्या दिशेने धावतात. पिल्लू बरोबर असलेली मादी बुडी मारते, पुढे निघते, की इंजिने पुन्हा तिच्या मागे. हा प्राणी आवाजावर मासे शोधतो आणि आवाजावरच एकमेकांना सापडतो. इंजिनांच्या त्या गोंगाटात त्याला काय ऐकू येत असेल? बोटवाल्यांना मी दोष देणार नाही. 'डॉल्फिन नक्की दाखवणार ना?' असे विचारूनच पर्यटक बोटीत पाय ठेवतो.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सीहाउसेस बंदरातून फार्न बेटांकडे बोटी जातात. लोक तिथले करडे सील आणि पफिन बघायला येतात. २०२२ मध्ये बर्ड फ्लूने पक्षी मरू लागले तेव्हा बेटांवर उतरणे बंद केले गेले, पण बोटी बेटांभोवती फिरत राहिल्या. मुख्य बेटावर लोक पुन्हा उतरले ते २०२४ मध्ये. पक्ष्यांना उसंत मिळाली आणि बोटवाल्यांची चूलही पेटती राहिली. आपल्याकडे सील नाहीत, पण न उतरता बोटीतूनच पाहण्याची ही व्यवस्था इथेही आणता येईल.

अडचण आहे ती दोन खात्यांची. प्रवासी बोटींचा परवाना सागरी मंडळाचा, वन्यजीव वन विभागाचे. बोटीने डॉल्फिनपासून किती दूर थांबायचे, एका कळपाजवळ एका वेळी किती बोटी, इंजिन कधी बंद करायचे, हे परवान्यावरच छापलेले असावे. विणीच्या काळात निवती रॉकवर कोणीही उतरू नये. बोटीतून दुर्बिणीने पाहावे. आणि कुरवांना वेफर्स, शेव टाकणे सरळ बंद करावे. मुंबईहून मांडव्याला आणि घारापुरीला जाणाऱ्या बोटींवर रोज चालते ते लोण इकडे नको.

मात्र हे नियम मंत्रालयात बसून करू नका. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आणि मच्छीमारांचा विरोध ओढवून बसले. उलट, जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी सोडून देणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याची भरपाई देण्याची २०१८ ची योजना त्यांनी आपली मानली, कारण तिथे त्यांच्या नुकसानीचा विचार होता. तसेच इथे करा. नियम पाळणाऱ्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्या, महामंडळाच्या आरक्षणात त्याच्या बोटीला आधी फेरी द्या.

पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात उतरण्याआधी निवती, भोगवे, देवबाग आणि वेंगुर्ल्याच्या बोटवाल्यांची बैठक लावावी. सागरी मंडळ आणि वन विभागाचे अधिकारी त्या बैठकीत एकत्र बसलेले असावेत, ही विनंती.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक रहिवासी