त्या पाच रुग्णांचा पेपर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. निवड समितीने तुझ्या पेपरांची यादी चाळली, एच-इंडेक्स 14 आहे एवढं पाहिलं आणि दहा मिनिटांत मुलाखत आटोपली, हे वाचून राग आला. पण जास्त लागलं ते तुझं शेवटचं वाक्य, 'कदाचित त्यांचंच बरोबर असेल.' एचआयव्ही आणि यकृत यांवर इतकी वर्षं खपलेल्या माणसाने असं लिहावं, हे मला सहन होत नाही. म्हणून लगेच लिहायला बसलो.

आधी त्या आकड्याबद्दल. हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये तो सुचवला. तुझे 14 म्हणजे तुझ्या चौदा पेपरांना प्रत्येकी निदान चौदा सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत आलेले उल्लेख, आहेत, बस. त्यातल्या एखाद्याला चारशे असली तरी आकडा हलत नाही. तू पेपरात पहिला लेखक होतास की चाळीस नावांत एकविसावा, तेही त्यात कुठे दिसत नाही. शिवाय सायटेशन मोजणाऱ्यांपैकी गूगल स्कॉलर एक आकडा देतं आणि स्कोपस दुसरा, कारण दोघांची मोजायची पुस्तकंच वेगळी. यूजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली, तेव्हा त्यांना एखाद्या निबंधावर पुढे कोणी काय टीका केली हे अभ्यासकाला सापडावं असं वाटत होतं. माणसं तोलायचा विचार नंतरचा.

आता डिडॅनोसिन या एचआयव्हीवरच्या औषधाबद्दलच्या तुझ्या पेपराकडे येतो. आठवतं ना, ते रुग्ण तुझ्याकडे कसे आले होते? रक्ताच्या उलट्या, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, प्लीहा वाढलेली. हिपॅटायटिस बी नाही, सी नाही, दारू नाही. बायोप्सीत सिरॉसिसही, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणंही, नाही. सगळ्यांत सारखी गोष्ट एकच, वर्षानुवर्षं घेतलेली डिडॅनोसिनची गोळी. 1991 मध्ये बाजारात आलेलं हे औषध त्या काळी अनेकांना जगवत होतं, त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवणं सोपं नव्हतं. तू पाच रुग्णांच्या नोंदी लिहिल्यास. दुसरीकडेही असेच छोटे छोटे अहवाल निघत होते. जानेवारी 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा दिला की या औषधाने सिरॉसिस नसतानाही यकृताच्या प्रवेशशिरेतला, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला, दाब वाढू शकतो. त्याआधीच डॉक्टर त्यापासून दूर जाऊ लागले होते, आणि आज ते कोणी लिहून देत नाही.

मग त्या पेपराला आज सायटेशन कुठून येणार? औषध गेलं, तो आजार नव्याने होणं थांबलं, लिहिण्यासारखं काही उरलं नाही. तुझ्या यादीत त्याच्यापुढे 11 दिसतं आणि एच-इंडेक्समध्ये त्याचं वजन शून्य. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या कामात तो पहिला.

हिपॅटायटिस सीवर इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचो त्या काळातल्या पेपरांचंही तेच झालं. एचआयव्हीच्या झिडोव्हुडिनबरोबर हिपॅटायटिस सीचं रिबाव्हिरिन दिलं की हिमोग्लोबिन किती कोसळतं यावर आपण रात्री जागवल्या. 2013 च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे नवं औषध आलं, आणि पुढच्या काही वर्षांत फक्त गोळ्यांवर, बहुतेकदा बारा आठवड्यांत, हिपॅटायटिस सी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक लोकांत बरा होऊ लागला, एचआयव्ही असलेल्यांतही. आपले ते पेपर जुने झाले याचा मला मनापासून आनंद आहे.

याच्या उलट फिब-4 बघ, यकृतातल्या व्रणाचा अंदाज देणारं सूत्र. 2006 मध्ये रिचर्ड स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांच्या माहितीवरून तो बांधला. वय गुणिले एएसटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एएलटीच्या वर्गमुळाने; एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स. 54 वर्षांचा माणूस, एएसटी 80, एएलटी 64, प्लेटलेट 120 हजार, उत्तर 4.5. 3.25 च्या वर गेलं म्हणजे यकृतात बराच व्रण साचलाय असा संशय घ्यायचा. सुई न टोचता, रोजच्या रक्ततपासणीवर! आज हेच सूत्र चरबीयुक्त यकृताच्या रुग्णांची पहिली चाळणी म्हणून जगभर वापरतात, ज्यांना एचआयव्ही नाही त्यांच्यासाठीही. त्या निबंधाला सायटेशन हजारोंनी आहेत. तरीही बाह्यरुग्ण विभागात फोनवर फिब-4 काढणारा डॉक्टर कुणाला साइट करत नाही. काम इतकं अंगवळणी पडतं की मूळ निबंधाचं नाव गळून जातं. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी ओळखलं होतं.

सायटेशन खोटी असतात असं मी म्हणत नाही. एचआयव्ही रुग्णांवरच्या 2006 च्याच डी:ए:डी अभ्यासाने 1246 मृत्यू तपासले आणि त्यातले 14.5 टक्के यकृताच्या आजाराने झाल्याचं दाखवलं. एचआयव्हीच्या दवाखान्यात यकृताकडे लक्ष द्यायला त्याने सगळ्यांना भाग पाडलं. त्याला मिळालेलं प्रत्येक सायटेशन रास्त आहे. पण तसा अभ्यास करायला हजारो रुग्ण आणि कित्येक देश लागतात. तुझ्याकडे एक वॉर्ड होता.

पुढच्या अर्जाचं बोलू. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला तयार झालेला जाहीरनामा, डोरा, बऱ्याच संस्थांनी मान्य केलाय. संशोधकाचं मोल नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर, म्हणजे त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावर, ठरवू नये, असं तो सांगतो. तू अर्ज करशील ती संस्था त्यात आहे का, आधी बघ. ऑर्किडवर, म्हणजे संशोधकांना स्वतंत्र ओळख क्रमांक देणाऱ्या नोंदवहीत, तुझी नोंद नीट कर. तुझ्या आडनावाच्या दुसऱ्या कोणाचे दोन पेपर तुझ्यात मिसळलेले मला दिसले, आणि तुझा एक गायब आहे. मग पाच पेपर निवड. प्रत्येकाखाली चार ओळी लिही: प्रश्न काय होता, तुझा हात कशात होता, नंतर रुग्णांसाठी काय बदललं. डिडॅनोसिनचा सगळ्यात वर ठेव, आणि त्याखाली 2010 च्या त्या इशाऱ्याची तारीख लिहायला विसरू नकोस.

मसुदा झाला की मला पाठव, कच्चा असला तरी चालेल. त्या पाचांपैकी ज्यांच्या शिरा तू तीनदा बांधल्या होत्यास, ते अजून तपासणीला येतात का, तेही कळव.

तुझाच,
मित्र