आठ जीबी बसवली, हाती आली सव्वातीन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुना कॉम्प्युटर स्लो झाला असेल तर रॅम (चालू कामासाठीची मेमरी) वाढवा असा सल्ला आपल्या पुरवणीत मध्यंतरी वाचला. सल्ला चुकीचा नाहीये पण अर्धाच आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागापायी मी चांगलाच पोळलोय म्हणून हे पत्र.

झालं असं की माझ्या मशीनमध्ये दोन जीबी रॅम आणि विंडोज ७, ब्राउझरचे चार टॅब उघडले की सगळं गोगलगाय. म्हणलं करूया चार. बसवली, चालू केलं, प्रॉपर्टीजमध्ये बघतो तर चार जीबीच्या पुढे कंसात ३.२५ जीबी युजेबल. पाऊण जीबी गेली कुठं? कव्हर उघडलं, रॅम काढली, सोनेरी पट्टी खोडरबराने घासली, स्लॉट बदलून पाहिले, परत तेच. ज्याच्याकडून घेतली त्याला विचारलं तर म्हणाला चार कमीच पडते हो, आठ टाका. टाकली! आता आठच्या पुढे कंसात पुन्हा ३.२५. तेव्हा कुठं माझं लक्ष खालच्या ओळीवर गेलं, सिस्टीम टाइप, ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम.

सगळं रामायण त्या एका ओळीत आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक नंबर असतो, म्हणजे पत्ताच समजा, आणि ही ३२-बिट विंडोज तो पत्ता ३२ बिटांतच, म्हणजे शून्य किंवा एकच्या ३२ घरांतच लिहिते. असे पत्ते होतात बरोबर ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे चार जीबी, त्यापुढे एकही नाही. एखाद्या फॉर्मवर खोली नंबरसाठी दोनच चौकोन असतील तर ९९ च्या पुढची खोली कितीही मोठी बांधा, तिचा नंबर लिहिणार कुठं? माझी वरची चार जीबी अशीच बिननंबराची पडून होती.

मग चार तरी पूर्ण का नाही, तर हे पत्ते एकट्या रॅमचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम), यूएसबीचा कंट्रोलर, सगळ्यांशी प्रोसेसर अशाच पत्त्यांवरून बोलतो आणि त्यांच्या जागा चार जीबीच्या आत वरच्या टोकाला राखून ठेवलेल्या असतात. बिल्डिंगमध्ये नंबर शंभरच आणि त्यातलेच काही मीटर रूम, पंप रूम, वॉचमनला दिलेत तसं. त्या नंबरांखाली येणारी रॅम झाकली जाते. कार्डं किती आणि कसली यावर हा आकडा ठरतो, म्हणून कुणाला ३.५ दिसते, कुणाला २.७५. रॅम खराब नसते, उगाच खोडरबर झिजवू नका.

आणि हे दुखणं काही आजचं नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत प्रोसेसरला एकूण पत्ते एक एमबीचे होते, त्यातले वरचे ३८४ केबी स्क्रीन आणि बायॉससाठी ठेवले म्हणून प्रोग्रामच्या वाट्याला ६४० केबी आले. आकडे बदलले, गोष्ट तीच.

आता खरी चीड आणणारी गोष्ट सांगतो. प्रोसेसरकडून ही अडचण कधीच सुटली होती, इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये पीएई नावाची सोय दिली, त्यात पत्ता ३६ बिटांचा म्हणजे ६४ जीबीपर्यंत. लिनक्सचं पीएईवालं ३२-बिट कर्नल (सिस्टीमचा गाभा) टाकलं तर चार जीबीच्या वरची रॅम वापरता यायची, ३२-बिट विंडोज सर्व्हरच्या महागड्या आवृत्त्यांतही येत होती. पण घरच्या ३२-बिट विंडोजला मायक्रोसॉफ्टने चारच्या आतच ठेवलं, कारण कित्येक ड्रायव्हर (कार्ड, स्कॅनर वगैरे चालवणारे छोटे प्रोग्राम) पत्ता ३२ बिटांचाच असणार हे धरून लिहिलेले, मोठा पत्ता आला की मशीन कोसळायचं. कारण पटतं, पण मग खोक्यावर ते मोठ्या अक्षरात का नाही लिहायचं?

अजून एक गोम आहे. ३२-बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रामला साधारणपणे दोनच जीबी पत्ते मिळतात, उरलेले दोन सिस्टीम स्वतःकडे ठेवते. त्यामुळे मोठी एक्सेल शीट उघडली की आउट ऑफ मेमरीचा मेसेज येतो आणि टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर रॅम मोकळी. मला आधी वाटलं व्हायरस आहे. ६४-बिट विंडोज टाकली तरी एक्सेल ३२-बिटच ठेवलंत तर हा त्रास पूर्ण जात नाही हेही लक्षात असू द्या.

शेवटी मी लांब पत्ते लिहिणारी ६४-बिट विंडोज टाकली. ती जुन्यावर अपग्रेड होत नाही, सगळा डेटा बाजूला काढून नव्याने टाकावी लागते, माझा एक रविवार त्यात गेला. स्कॅनरचा ६४-बिट ड्रायव्हर कंपनीने काढलेलाच नव्हता त्यामुळे तो आता धूळ खातोय, आणि विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातला हिशोबाचा १६-बिट प्रोग्राम तर सरळ नाही म्हणाला. पण तेच दोन रॅमचे तुकडे, तेच मशीन, आणि आता आठातली ७.८७ युजेबल! थोडी अजूनही कमी दिसते कारण बोर्डावरचं ग्राफिक्स आपला वाटा घेतंच. काही जुन्या बोर्डांवर बायॉसमध्ये जाऊन मेमरी रीमॅप (झाकलेली रॅम चारच्या वरच्या पत्त्यांवर नेणारी सोय) चालू करावं लागतं म्हणे, मला लागलं नाही.

उलट ज्यांच्याकडे दोनच जीबी आहे आणि वाढवायची सोय नाही त्यांनी ६४-बिटच्या नादी लागू नये असं माझं मत. तिथं प्रोग्रामच्या आतले पत्तेसुद्धा चारऐवजी आठ बाइटचे होतात, म्हणजे तेच काम करायला मेमरी जास्त लागते, दोन जीबीत ते परवडत नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी रॅमबद्दल छापताना आधी सिस्टीम टाइपची ओळ बघायला सांगा. विंडोज १० असेल तर तिथं ऑपरेटिंग सिस्टीम ३२-बिट आणि प्रोसेसर एक्स६४ असं दोन्ही दिसतं, म्हणजे मशीन ६४-बिटला तयार आहे, अडलंय ते फक्त सिस्टीममुळे. विंडोज ११ वाल्यांना हा प्रश्नच नाही, ती ३२-बिटमध्ये येतच नाही. आणि तो सल्ला वाचून ज्यांनी आधीच रॅम आणलीय त्यांनी ही ओळ बघेपर्यंत पाकीट फोडू नका, बिलही जपून ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक