गाडी पोहोचेल का म्हणतोस? वाच मग

प्रिय भाऊड्या,

तुझा मेसेज वाचला. "हंपी पक्कं, पण मामांची ती डबी पोहोचेल का?" फोनवरच सांगणार होतो पण फोनवर तू मधेमधे हसतोस, म्हणून सगळं बैजवार लिहून पाठवतोय, आधी पूर्ण वाच आणि मग काय हसायचं ते हस.

पहिले हे डोक्यात घे की मामांची ही एमजीए, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, बाहेरून कितीही विलायती दिसली, दोन सीटची, दाराला बाहेरून हँडल नाही, पोरं सेल्फी काढतात वगैरे, तरी बॉनेट उघडलं की आत अँबॅसिडर आहे भो. खरंच. एमजीए १५०० ला जे १४८९ सीसीचं इंजिन आहे ते बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, आणि आपल्या अँबॅसिडरला वर्षानुवर्षं जे पेट्रोल इंजिन लागायचं तेपण त्याच घराण्यातलं, सीसी तेच, बोर-स्ट्रोक तोच. हिला कार्बोरेटर दोन आणि कॉम्प्रेशन जास्त, म्हणून अँबॅसिडरला पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर तर ही सत्तरच्या घरात. एमजीए १९५५ ते १९६२ मध्ये एक लाखाच्या वर बनल्या, पण बहुतेक सगळ्या अमेरिकेला गेल्या, आपल्याकडे मोजक्याच, त्यामुळे मुंबई-पुण्यातले शौकीन लोक प्रत्येक वायसरसाठी इंग्लंडला ऑर्डर टाकतात आणि कस्टमवाल्यांची वाट बघत बसतात. मला जळगावात बसून हेड गॅस्केट मिळालं, अँबॅसिडरचं, आणि ते बसलं.

हे सगळं आप्पांमुळे. अजिंठा चौफुलीच्या मागे त्यांचं गॅरेज, उभा जन्म सरकारी अँबॅसिडर आणि टॅक्सी खोलण्यात गेला. २०१४ ला अँबॅसिडर बंद पडल्यावर त्यांच्याकडची पोरं बाकी गाड्यांकडे वळली, पण आप्पांनी सुताचे (इंचाच्या मापाचे) पान्हे काही विकले नाहीत. आणि एमजीला तेच लागतात, मिलीमीटरचा पान्हा लावला की नटाचे कोपरे गोल झालेच समज. आप्पांनी पहिल्यांदा इंजिनचा आवाज ऐकला, डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढून बघितलं आणि म्हणाले, "इंजिन बेस शे भाऊ, आधी ब्रेक देखी ले." (इंजिन चांगलं आहे, आधी ब्रेक बघून घे.) मला वाटलेलं इंजिन उघडतील, दोन दिवस कौतुक करतील. कसलं काय.

तर ब्रेक. हिला चारी चाकांना ड्रम, डिस्क पुढच्या १६०० मॉडेलपासून आल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सर्किट एकच. आजच्या गाडीत एक लाइन फुटली तरी दुसरी अर्धा ब्रेक देते, हिच्यात एक होज फुटला की पेडल सरळ फळीला टेकतं. (फळीला म्हणजे खरोखर फळीलाच, हिचा फ्लोर प्लायवूडचा आहे.) म्हणून तिन्ही रबरी होज नवीन, लोखंडी पाइप जिथे गंजले होते तिथे तांबं-निकेलचे, चारी चाकांच्या सिलेंडरला नवीन किट, मास्टर सिलेंडर खोलून होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी घाटात उतरताना उकळतं, मग पेडल स्पंज होतं, म्हणून सगळं जुनं तेल काढून नवीन डॉट ४ भरलं. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणतो "आधी पेंट मारा, क्रोम चमकवा". एक रुपया नाही लावला पेंटला. डाव्या मडगार्डवरचा पोचा तसाच घेऊन जाणार आहोत आपण.

दुसरी डोकेदुखी पेट्रोल. ही गाडी ज्या काळातली त्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याने व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यात एक थर राहायचा. आपल्याकडे २००० साली ते देशभर बंद झालं. हेड काढलंच होतं तेव्हा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून एक्झॉस्टला कडक सीट बसवून घेतल्या, तो प्रश्न मिटला. आता नवीन प्रश्न ई२०. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला खातं, पाइप आतून मऊ होऊन त्याचे काळे कण थेट कार्बोरेटरच्या फ्लोटमध्ये, म्हणजे जिथे पेट्रोल साठतं त्या वाटीत. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे पाइप इथेनॉल सहन करणारे टाकले, एसयू कार्बोरेटरचे जुने वायसर आणि सील बदलले आणि मिक्श्चर जरा रिच केलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवलं, कारण इथेनॉलला हवा कमी लागते आणि जुन्या सेटिंगवर गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते. लीन चालली की तापते, आणि तापणं आपल्याकडे काय असतं ते तुला सांगायला नको, तू मे महिन्यात भुसावळ स्टेशनला उतरलेला माणूस आहेस.

त्यात या इंजिनची एक गंमत म्हण की खोड म्हण, इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे दोन्ही कार्बोरेटर धुराच्या तापलेल्या पाइपांच्या (मॅनिफोल्डच्या) डोक्यावर बसलेत. चालू असताना हवा लागते तोवर ठीक, चहाला थांबलो की खालची उष्णता वर येते, फ्लोटमधलं पेट्रोल उकळतं आणि गाडी स्टार्टच होत नाही. मधे पत्र्याची हीट शील्ड आहे, ती नीट केली. तरी नियम असा की थांबलो की बॉनेट उघडायचं आणि निवांत बसायचं, लगेच स्टार्टर मारत बसायचं नाही. तुला दर थांब्यावर चहा लागतो त्याचा पहिल्यांदाच फायदा होणार आहे.

रेडिएटर आपल्या पाण्याने आतून पांढराफट्ट झाला होता. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं, क्षार बसून अर्ध्या नळ्या बंद. रेडिएटरवाल्याने वरचं टँक काढून सळईने नळ्या साफ करतो म्हटलं पण नळ्या इतक्या पातळ झालेल्या की सरळ नवीन कोअर टाकायला लावला, महाग पडला पण तिथे काटकसर नको. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. थर्मोस्टॅटवरून गॅरेजमध्ये जोरदार वाद झाला, कारण आपल्याकडची पद्धत म्हणजे "काढून फेका, गाडी थंड राहते". मी ऐकलं नाही, ७४ डिग्रीला उघडणारा टाकला. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन गरमच होत नाही, कार्बोरेटरचा चोक चालू ठेवावा लागतो आणि ते जादा पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. डिसेंबरातल्या सकाळी आपल्याकडे काय कुडकुडायला होतं, आणि आपण निघणार पहाटे.

इलेक्ट्रिकचं ऐक, हे तुझ्या कामाचं आहे. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलेला, सगळ्या जगाच्या उलट. त्यामुळे तुझा तो कार चार्जर आणायचा नाही, पॉवर बँक आण, दोन आण. आणि कुठे बॅटरी बसलीच तर कुणी भला माणूस जंपर केबल घेऊन धावत आला तर त्याला आधी थांबव, मला बोलव, मगच चहा पाज. मूळच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे असायच्या, त्या आता सहजी मिळत नाहीत, तिथे १२ व्होल्टची एक छोटी बसवली. डायनामो मात्र जुनाच ठेवला, तो वीस अँपिअरच्या आसपासच देतो, आणि आयडलला तर जवळपास काहीच देत नाही. हेडलाइट, वायपर, ब्रेकलाइट एकदम लावलं की हिशोब संपला. बरेच जण अल्टरनेटर टाकतात, त्यात चूक नाही, पण मी वायरिंगला हात लावला असता तर निघायला पुढची दिवाळी उजाडली असती. त्यापेक्षा रात्री चालवायचं नाही. तसंही सोलापूरच्या पुढे-मागे त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, मागे लाइट नाही की रिफ्लेक्टर नाही, आपली गाडी ट्रॉलीच्या खाली जाईल इतकी बुटकी. अंधार पडायच्या आत लॉज.

चाकं तारांची आहेत, सायकलसारखी. ती कुणी करून द्यावीत? बुलेटची चाकं बांधणाऱ्याने! एकेक तार पान्ह्याने वाजवून बघितली, टणटण वाजली तर बरोबर, भद् वाजली तर ढिली, मग आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला. टायर दिसायला नवेकोरे होते, खाचा पूर्ण, पण बाजूच्या चार आकडी कोडवर आठवडा आणि वर्ष असतं ते बघितलं तर बारा वर्षं जुने निघाले. काढून टाकले. ट्यूबच लागते हिला, तारांच्या भोकांतून हवा राहत नाही.

कागदपत्रांचं विचारलं होतंस. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी रिन्यू करतात ते केलेलं आहे, इन्शुरन्स, पीयूसी आहे. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेजचा वेगळा 'व्हीए'वाला नंबर मिळतो, मला दोघा-तिघांनी आग्रह केला घे म्हणून, पण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला गाडी पाहुण्यांना दाखवायला नकोय, चालवायला हवीय. साधा नंबर बरा.

ट्रायल घेतली. जळगावहून पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट चढून वर, वळून परत खाली. चढताना टेंपरेचरचा काटा हलला, मधल्या रेघेच्या जरा वर जाऊन थांबला, वर सपाटीला लागल्यावर आपोआप खाली आला. उतरताना ब्रेकवर नाही, दुसऱ्या गिअरवर उतरलो, ड्रम तापले की धरत नाहीत म्हणून. फर्दापूरला शेवभाजी खाऊन (झणझणीत, तुझी आठवण काढून दोन प्लेट) बाहेर आलो तर गाडीभोवती वीस माणसं, एक आजोबा म्हणाले अशीच गाडी त्यांनी पिक्चरमध्ये बघितली होती, हिरो कोण ते आठवेना, त्यांना आठवेपर्यंत थांबलो त्यामुळे इंजिनपण थंड झालं. एक गोष्ट सापडली, मागच्या बाजूचा पेट्रोल पंप मधेच टिकटिक करायचा थांबला. त्याच्यात पॉइंट असतात, ते चिकटतात. हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकला की परत सुरू. तरी नवीन पंप मागवलाय, जुना सोबत घेऊन जाऊ.

रस्ता असा ठरवलाय, जळगाव, अजिंठा घाट, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर, मग बीड, धाराशिव, सोलापूर, पुढे विजयपुरा आणि हंपीजवळचं होसपेट. जवळपास पावणेआठशे किलोमीटर जायचे, तेवढेच यायचे. ताशी सत्तर-पंचाहत्तर, त्याच्या वर ती पळते पण मग आपल्याला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. विजयपुऱ्याला मुक्काम धरलाय, गोल घुमट तू अजून बघितला नाहीस हे मला पटत नाही.

सोबत फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, एक डेल्कोची कॅप, ट्यूब, होज पाइप, क्लिपा, ब्रेकची किटं, वायर, ऑइल, पाण्याचा कॅन आणि अग्निशामक सिलेंडर. हे सगळं बसवल्यावर डिकीत जागा शून्य, तिथे स्टेपनीच आडवी पडलेली असते. म्हणून तुला एकच बॅग, तीपण कापडी, चाकं लावलेली ट्रॉली बॅग आणलीस तर स्टेशनवरच ठेवून येऊ. वहिनीला सांग चिवडा-लाडूचे डबे नको, फार तर एक पिशवी. आईने कळण्याचं पीठ बांधून द्यायचं ठरवलंय, मी म्हटलं हंपीत भाकरी कोण थापणार, तर म्हणाली तुझा मित्र थापेल.

आणि तू चालवणार असशील तर दोन गोष्टी. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, त्याला सिंक्रो (दात जुळवून घेणारी सोय) नाही, ओरडतो. हँडब्रेक बटण दाबून लॉक होतो आणि नुसता ओढून सोडला की सुटतो, आपल्या गाड्यांच्या बरोबर उलटं. माझ्या चुलतभावाने चढावर असा "लावला" आणि गाडी मागे जायला लागली, नशीब मी मागेच उभा होतो.

आता रजेचं बघ. तुझ्या साहेबाला आजारी-बिजारी सांगू नको, फोटो कुठेतरी येणारच. रजा मंजूर झाली की सोमवारच्या आत तारीख कळव, आप्पांना टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला गाडी शेवटची द्यायची आहे आणि त्यांच्या नातीचं लग्न आहे, त्या आधी नंबर लावावा लागेल.

काकांना नमस्कार, वहिनीला विचारलं म्हणून सांग.

तुझाच,
भो

ता. क. ते जाड सोलचे ट्रेकिंगचे बूट आणू नको. हिचे पेडल इतके जवळजवळ आहेत की ब्रेक दाबायला गेलास की क्लचपण दाबला जातो. कॅनव्हासचे आण, जुने असले तरी चालतील.