मामाच्या हाताखाली जाताना

कोल्हापूर, रविवार

चि. सुजित,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना आप्पा "वशिल्यानं लागला" म्हणाले आणि तू ताट सरकवून उठलास. गाडीत बसेपर्यंत कुणी कुणाशी धड बोललं नाही, म्हणून लिहिते. मामा फुटबॉल क्लबाचा मुख्य कोच आहे आणि त्यानं भाच्याला सहायक म्हणून घेतलंय, हे क्लबात पहिल्या दिवशीच सगळ्यांना कळणार. लपवू नकोस, सांगतही फिरू नकोस. मैदानावर त्याला "सर"च म्हण.

तू सारखं कोच कार्लो आन्चेलॉत्तींचं उदाहरण देतोस, तर ते नीट बघ. २०१६ मध्ये त्यांनी आपल्या मुलाला, दाविदेला, जर्मनीच्या बायर्न क्लबात सहायक केलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता. लाम, रिबेरी, शाबी आलोन्सो हे तिथले खेळाडू सगळे त्याच्यापेक्षा वयानं मोठे. पण त्याआधी तो पीएसजी आणि रेआल माद्रिद या क्लबांत फिटनेसच्या कामात होता. नातं सगळ्यांना दिसतच होतं, पण हातात एक कामही होतं. २०२५ मध्ये ब्राझीलच्या बोताफोगो क्लबानं त्याला मुख्य कोच म्हणून घेतलं, तेव्हा शेजारी वडील नव्हते.

तुझ्या हातात काय आहे? कोचिंगचं बी लायसन्स आहे, पण सीनियर संघाबरोबर अख्खा हंगाम अजून काढलेला नाहीस. म्हणून मॅच न खेळलेल्या पोरांचा सराव मागून घे. दुसऱ्या दिवशी तासाभराहून जास्त खेळलेले रिकव्हरीला जातात आणि उरलेले दहा-बारा जण नवख्या सहायकाच्या गळ्यात पडतात. तो ३० बाय २० मीटरमध्ये चार-चारची मॅच लावतो, चार मिनिटांचे चार डाव. पोरं घामाघूम होतात, काम झाल्यासारखं वाटतं. पण एवढ्याशा जागेत पूर्ण वेगानं कुणी पळतच नाही. असे तीन-चार आठवडे गेले आणि मग विंगरला ७० व्या मिनिटाला आत पाठवला, की पहिल्याच लांब स्प्रिंटला हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीचा मागचा स्नायू, धरतो. म्हणून शेवटी ४० मीटरच्या सहा ते आठ धावा ठेव, प्रत्येक वेळी चालत परत यायचं. पहिल्या आठवड्यात चारच, आणि वेगही थोडा हातचा राखून. पोरांच्या अंगावरच्या जीपीएसमधून एकूण किलोमीटर काढून समाधान मानू नकोस, जोरात किती मीटर झाले ते वेगळं लिही.

हीच पोरं तुझ्याजवळ मन मोकळं करतील. मला का बसवलं, सर कुणाचं ऐकतात, असलं सगळं. ते मामाच्या कानावर जाता कामा नये. बसमध्ये बोललेलं सकाळी मुख्य कोचला माहीत आहे असं एकदा दिसलं, की तू आत आलास की गप्पा बंद. मग तू कितीही चांगला सराव घे, तू त्यांच्यासाठी मामाचा माणूस. फक्त कुणी दुखणं लपवत असेल तर फिजिओला सांग, आणि सांगतोय हे त्या पोरालाही आधी सांग.

बघ, पुन्हा त्याच विषयावर आले. रागवू नकोस. तू बाराव्या वर्षी शाहू स्टेडियमवर परीक्षेचं पॅड घेऊन बसायचास. दिलबहार-पाटाकडीलची मॅच, गोल झाला की अख्खी गॅलरी उभी, आणि तू खाली मान घालून गोलाआधी कोण कुठं होता ते काढायचास. आप्पा ते कागद पेठेत ज्याला त्याला दाखवत हिंडायचे. वशिला म्हणणारे हेच आप्पा.

आता मॅचच्या वेळी बाकावर कसं वागायचं ते. टेक्निकल एरियातून, म्हणजे बाकापुढच्या आखलेल्या जागेतून, एका वेळी एकानंच सूचना द्यायच्या. २०१९ पासून स्टाफलाही कार्ड दाखवतात, आणि कोण ओरडलं ते रेफरीला कळलं नाही तर ते तिथं असलेल्या सर्वांत वरिष्ठ कोचच्या नावावर जातं. म्हणजे तू बोलायचं आणि मामानं कार्ड घ्यायचं. बदलांचा हिशेब मात्र तू ठेव. पाच खेळाडू, पण खेळ थांबवून तीनच वेळा. हाफटाइम त्यात धरत नाहीत. तिन्ही वेळा संपल्या की दोन बदल शिल्लक असूनही हात बांधलेले.

मी मामाला फोन करणार नाही. तूच हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घे. माझं काम काय, मी कुणाला विचारायचं, आणि माझं चुकलं तर सांगणार कोण. तिसऱ्याचं उत्तर "मी" असं आलं तर नाही म्हण, पहिल्या सहायकाचं नाव माग. मामा भाच्याला एक तर चारचौघांत जास्त झापतो, नाही तर काहीच बोलत नाही, आणि दोन्हीनं बाकीच्या स्टाफच्या मनात नात्याचाच विचार येतो. पुढच्या वर्षी तुला ठेवायचं का, तेही त्यानं एकट्यानं ठरवू नये. चिडेल तो. चिडू दे.

आप्पांना फोन कर. नोकरीचं सोडून बाकी काहीही बोल.

तुझी,
आई