जळगावच्या टर्नर नानांना जाहीर आभार पत्र

नाना, सा. न. वि. वि.

चटई कारखान्यांच्या कामाच्या गर्दीतून वेळ काढून तुम्ही आम्हा पाणबुड्यांना रेग्युलेटर (टाकीतल्या हवेचा दाब उतरवून ती श्वासाला देणारं उपकरण) खोलायची हत्यारं करून दिलीत. हतनूर, गिरणेच्या गढूळ पाण्यात बुडालेल्या माणसाचा शोध याच रेग्युलेटरांच्या भरवशावर होतो. मनापासून आभार. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण अशी हत्यारं करून घेणाऱ्यांना तुमच्या कामातले बारकावे कळायला हवेत.

सगळ्यात उपयोगी पडलं ते हँडल. फर्स्ट स्टेजची, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या भागाची, बॉडी पितळेची, वर क्रोम. थेट व्हाइसमध्ये आवळली की क्रोम सोलतं, बॉडी चेपते. म्हणून लो प्रेशर पोर्टात (कमी दाबाची नळी जोडायच्या भोकात) दांडा फिरवायचा आणि व्हाइसमध्ये तो दांडा धरायचा. बहुतेक रेग्युलेटरांत हा पोर्ट ३/८ इंच, इंचाला २४ आटे, यूएनएफ (बारीक आट्यांचं इंची माप). हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘तीन सूत’ म्हटलं की पाइपाचा आटा पुढ्यात येतो, तो पार जाडा. एम१० चा बोल्ट दिसायला जवळचा, पण जोर लावून घुसवला तर पोर्टाचे आटे गेलेच. तुम्ही ६० अंशांचं टूल घासून आटे लेथवरच पाडलेत आणि मागे खांदा ठेवलात. तो पोर्टाच्या तोंडावर सपाट टेकतो, त्यामुळे नट सोडवताना जोर खांदा घेतो, आटे वाचतात.

पिस्टनची बुलेट तर फार सुबक झाली. पिस्टनच्या दांड्याचं टोक धारदार असतं, ते उघडं आत सरकवलं तर हाय प्रेशर ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) कापली जाते आणि स्प्रिंगच्या बाजूच्या भोकांतून हवेचे बुडबुडे सुटतात. बुलेट त्या टोकावर बसून रिंगला वाट करून देते. नायलॉन पाणी पिऊन फुगतं, म्हणून डेलरिन हे कडक प्लास्टिक घ्यायचं. जोडावरून नख फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. तुम्ही ती बारीक पॉलिश पेपरने घालवलीत, तेव्हाच हातातून सोडलीत.

ओ-रिंग काढायचा आकडा पितळी सळईचाच हवा. पोलादी सुईचा एक ओरखडा खाचेत पडला की नवी रिंगसुद्धा गळते. पिन स्पॅनरला (भोकांत पिना अडकवून फिरवायच्या पान्याला) तुम्ही तुटक्या ड्रिलच्या दांड्यांच्या पिना बसवल्यात, हे उत्तम. भोकात सैल बसणारी पिन निसटते आणि भोकाची कड खाते. सेकंड स्टेजचं, म्हणजे तोंडाजवळच्या भागाचं, ऑरिफिस (हवा येण्याचं छिद्र असलेला तुकडा) मागून ढकलायला प्लास्टिकचा दांडा, कारण त्याच्या कडेला टवका गेला की हवा सतत वाहत राहते.

गेजच्या जोडाबद्दल वाचणाऱ्यांना एक सांगतो. इंटरमीडिएट प्रेशर (फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणाऱ्या हवेचा दाब) साधारण ९ ते १० बार असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघावा. काटा थांबायला हवा. हळूहळू चढतच राहिला तर हाय प्रेशर सीट (टाकीची हवा अडवणारी बैठक) गेली. तपासताना सेकंड स्टेज जोडलेलीच ठेवा. सीट दगा देऊन दाब वाढला तर तो तिथून बाहेर पडतो, नाहीतर गेज आणि नळीवर टाकीचा २०० बार येऊ शकतो.

सेकंड स्टेज श्वासाच्या किती ओढीला उघडते (क्रॅकिंग प्रेशर) ते बघताना पाण्याच्या यू-नळीत दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजायचा. एकाच बाजूची चढ-उतार धरली तर क्रॅकिंग प्रेशर निम्मंच दिसतं आणि स्प्रिंग विनाकारण आवळली जाते. तुम्ही पाठीमागे लावलेली मिलिमीटरची पट्टी त्यासाठी अगदी नेमकी आहे.

नाना, मजुरी तुम्ही घेतली नाहीत, पण डेलरिनचे पैसे तरी घ्यावेच लागतील. आणि ३ मिमी पिनांचा अजून एक स्पॅनर हवा आहे, सवडीने करा.

आपले,
तापीकाठचे पाणबुडे